कर्टुली: कुंपणावर लावावी की पेठ रोडवर घ्यावी?

मृगाचा पाऊस पडला की नाशिकमध्ये हा प्रश्न हमखास निघतो. बंगल्यामागे थोडी जागा असणाऱ्यांना कर्टुल्याचा, म्हणजे कंटोलीचा, वेल घरचा हवा असतो. बाकीचे पेठ रोडला रानभाज्या घेऊन बसणाऱ्या बायका आल्या का, ते बघायला चक्कर मारतात. मी दोन्ही करून पाहिलंय.

हिशेब मांडला तर लागवड सरस वाटते. वेल पावसाळ्यानंतर वाळतो, पण कंद जमिनीत राहतो आणि पुढच्या पावसात आपोआप फुटतो. खताची, फवारणीची फार मागणी नाही. शिवाय पाव किलोचा भाव ऐकून ‘यापेक्षा चिकन घेतलं असतं’ असं म्हणायची वेळ येत नाही.

घोडं अडतं ते नर-मादीपाशी. कर्टुल्यात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. बी आधीच कडक कवचाचं, उगवतं ते सवडीने. आणि उगवलेला वेल कोणता, हे फूल येईपर्यंत कळत नाही. पानं तीच, चढण तीच, लांबून पिवळं फूलही तेच. जवळ जाऊन फुलाखाली काटेरी इवलं बोंड दिसलं तर मादी, नुसता देठ असेल तर नर. माझ्या कुंपणावरचा सगळ्यात जोमदार वेल नर निघाला. त्याला आधार दिला, दोऱ्या बांधल्या, पाहुण्यांना कौतुकाने दाखवला. त्याने फुलं दिली, तीही भरभरून! मादी वेल मिळाला तरी सुटका नाही. फूल उमलतं संध्याकाळी. तेव्हा शहरात कीटक फिरकतीलच असं नाही, म्हणून नराचं फूल तोडून मादीच्या फुलावर टेकवत हिंडायचं. मांडवावर पीक घेणारे शेतकरी आठ-दहा मादी वेलींमागे एक नर ठेवून हे जमवतात. घरच्या कुंपणावर तेवढी जागा कुठली? मग आज दोन फळं, परवा तीन, आणि भाजीपुरती जमेपर्यंत पहिली पिवळी पडलेली.

बाजाराचीही कटकट आहे, नाही असं नाही. भाताची आवणी सुरू झाली की पेठ-हरसूलकडच्या बायका शेतात असतात, मग नाक्यावर शुकशुकाट. पिकायला आलेली फळं गळ्यात पडली तर बिया चावता चावत नाहीत. लहान, गडद हिरवी, गच्च काट्यांची निवडून घ्यावीत. चवीचं म्हणाल तर मला मांडवावरची मोठी कर्टुली तव्यावर पाणी सोडणारी वाटतात; रानातली लसणावर चटकन खरपूस होतात. तुमच्या जिभेला फरक कळेलच असं मी म्हणणार नाही.

‘आपण विकत घेत राहिलो तर रान ओरबाडलं जाणार नाही का?’ ही शंका मात्र रास्त आहे. सगळ्या रानभाज्यांना त्याचं एकच उत्तर नाही. कर्टुल्याचं फळ तोडलं तरी कंद शाबूत राहतो. टाकळा तर मोकळ्या प्लॉटवरही माजतो, फक्त सांडपाण्याच्या कडेचा नको. फोडशीची पानं कापून आणली असतील तर खुशाल घ्या. जुडीला मुळं लटकत असतील तर मी पुढे सरकतो. शेवळाचा फुलोराच भाजीत जातो, म्हणजे त्याचं बी धरणं तिथेच थांबतं. ते आमच्याकडे हंगामात एखाद्या वेळीच होतं.

माझं पारडं विकत घेण्याकडे झुकलं त्याला आणखी एक कारण आहे. आषाढात डोंगरातल्या घरांमध्ये नागली-भात तळाला गेलेला असतो, नवं पीक दसरा-दिवाळीकडे. नेमक्या त्याच दिवसांत या टोपलीचे पैसे हातात येतात, आणि त्यामागे ना बियाण्याचं कर्ज असतं ना खताचं. हा माल चोरीचाही नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याने पात्र वननिवासींना गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून रानात मिळणारा असा माल, गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिलेला आहे. म्हणून त्या टोपलीशी पाच-दहा रुपयांची घासाघीस करायला माझी जीभ रेटत नाही.

तरीही लावायचीच असतील तर बी नको. फळं देणाऱ्या ओळखीच्या वेलाचा कंद वेल वाळल्यावर मागून घ्या, सोबत एक नराचाही. फक्त तो कुणाच्या तरी मांडवाखालचा असू द्या, रानातून उकरून आणलेला नको.