सांकेतिक भाषेच्या नावाखाली विकलेली कार्डे आणि लांबवलेली बेरा तपासणी

आमच्या मुलीला जन्मानंतर तीव्र कावीळ झाल्यामुळे नवजात अतिदक्षता विभागात ठेवावे लागले होते, आणि तेथून घरी सोडताना केलेल्या ओएई तपासणीत (कानात आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद पाहणारी प्राथमिक श्रवण तपासणी) दोन्ही कानांपुढे ‘रेफर’, म्हणजे पुढील तपासणी हवी, असा शेरा आला. कानात जन्मावेळचा द्रव राहिला असला तरी असा शेरा येऊ शकतो, त्यामुळे तेवढ्यावरून बहिरेपणा ठरत नाही, परंतु पुढची बेरा तपासणी (आवाजाला श्रवणाची नस कसा प्रतिसाद देते हे पाहणारी) टाळता येत नाही, हे रुग्णालयातील डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावले होते. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र व भाषेचे शिक्षण सुरू, असा दंडक या क्षेत्रात मानला जातो. बेराची तारीख मिळालेली होती. निदान होईपर्यंत बाळाशी संवाद कसा साधावा, हे शिकण्यासाठी आम्ही शहरातील एका खासगी केंद्रात गेलो. ज्या घरांत आज असाच ‘रेफर’चा कागद आलेला आहे, त्यांच्यासाठी तेथे घडलेले सविस्तर लिहीत आहे.

केंद्र चालवणाऱ्या बाईंनी सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या होत्या, आणि आमचा विश्वास बसला तो त्यामुळेच. बाळाचा मेंदू कानांवाटे येणारी भाषा जशी घेतो तशीच डोळ्यांवाटे येणारीही घेतो. खुणा शिकवल्याने बोलणे खुंटते ही भीती निराधार आहे. निदानाची वाट पाहत भाषेविना महिने घालवू नयेत. हे सारे मी आजही तितक्याच खात्रीने सांगेन. माझ्या सासूबाईंना मात्र ‘हातवारे शिकली तर पोर बोलायचीच नाही’ असे वाटत होते. त्यांची समजूत बाईंनी इतक्या आपुलकीने काढली की घरातला विरोध तेथेच संपला आणि सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाचे ४२,००० रुपये आगाऊ भरले गेले. पावतीवर अभ्यासक्रमाचा उल्लेख नव्हता. ‘साहित्य व समुपदेशन, परतावा नाही’ एवढेच छापलेले होते.

त्यानंतर बेराचा विषय निघाला. “तपासणीसाठी एवढ्याशा जिवाला गुंगीचे औषध कशाला देता? खुणा सुरू झाल्याच आहेत, दोन वर्षांची झाली की बघू,” असे त्या म्हणाल्या, आणि घेतलेली तारीख आम्ही पुढे ढकलली. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. बेरामध्ये कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवून, आवाज ऐकवून, श्रवणमार्गाचा प्रतिसाद नोंदवतात; त्यासाठी बाळ शांत झोपलेले असावे लागते, आणि दोन-तीन महिन्यांचे बाळ दूध पिऊन आपोआप झोपले की बहुतेक वेळा औषधाविना काम होते. मूल जसजसे मोठे होते तसतशी डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध देण्याची गरज वाढते. शिवाय तीव्र कावीळ झालेल्या बाळांत ओएई चांगली येऊनही श्रवणाच्या नसेत दोष असू शकतो, म्हणून अशा बाळांसाठी बेरा विशेष महत्त्वाची असते. केंद्राला तपासणी नको होती, कारण तपासणीला गेलेले पालक ऑडिओलॉजिस्टशी, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाशी, बोलतात आणि प्रश्न विचारू लागतात.

शिकवणी म्हणजे लॅमिनेट केलेल्या कार्डांचा एक संच होता. प्रत्येक कार्डाच्या मागे तिरंगी पट्टी, ‘भारत सरकारमान्य भारतीय सांकेतिक भाषा’ ही ओळ आणि आयएसओचे चिन्ह होते. शिकवणारी मुलगी ऐकू येणारी होती. ती कार्ड उचलायची, खूण करायची आणि निर्विकार चेहऱ्याने पुढचे कार्ड घ्यायची. आमच्या इमारतीतील एका काकूंचे भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहेत आणि छापखान्यात काम करतात. त्यांनी तो संच हातात घेऊन मुळाक्षरांची कार्डे गादीवर मांडली, एका हाताने केलेल्या ‘ए’च्या चित्रावर बोट ठेवून मान हलवली, आणि मग आपल्या उजव्या तर्जनीने डाव्या अंगठ्याचे टोक दाबून ‘ए’ दाखवला. तर्जनीच्या टोकावर ‘ई’, मधल्या बोटावर ‘आय’, अनामिकेवर ‘ओ’, करंगळीवर ‘यू’. भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरे दोन हातांनी दाखवतात. आम्हाला विकलेली एका हाताची अक्षरे अमेरिकी सांकेतिक भाषेची होती आणि दूध, खाऊ, झोप यांच्या खुणाही तेथूनच उचललेल्या होत्या. मोबाइलवर त्यांनी लिहिले, “ताई, ही आपली भाषा नाही. आमच्यात आली तर तिला कुणाचे कळणार नाही.” हो-नाहीचा प्रश्न विचारताना भुवया उंचावाव्या लागतात, चेहरा हा त्या भाषेच्या व्याकरणाचाच भाग आहे, हेही आम्हाला पहिल्यांदा त्यांच्याकडूनच कळले.

त्यानंतर चौकशी केली. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार विशेष शिक्षक, वाचा-श्रवणतज्ज्ञ आणि ऑडिओलॉजिस्ट यांची केंद्रीय नोंदवहीत नोंद असावी लागते आणि ती परिषदेच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येते. दारावरच्या पाटीवर ‘स्पीच थेरपिस्ट’ लिहिणाऱ्या बाईंचे नाव तेथे नव्हते. नोंदणीविना हा व्यवसाय करणाऱ्याला त्याच कायद्यात एक वर्षापर्यंत कैदेची किंवा दंडाची तरतूद आहे. अपंगत्वाचे यूडीआयडी कार्ड ‘काढून देण्यासाठी’ त्यांनी आमच्याकडे वेगळे ३,५०० रुपये मागितले होते. ते कार्ड सरकारी वैद्यकीय मंडळाच्या तपासणीनंतर विनामूल्य मिळते.

सर्वांत जास्त मन जळते ते याचे, की खरी भाषा पैशाविना उपलब्ध होती. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ मध्ये दहा हजार शब्दांचा कोश प्रसिद्ध केला आहे, त्याच्या चित्रफिती यूट्यूबवर विनामूल्य पाहता येतात. जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बालकांची तपासणी मोफत होते, आणि मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी उभी आहे. कोणी शिकवणी लावणारच असेल तर शिकवणारी व्यक्ती स्वतः कर्णबधिर आहे का, किंवा कर्णबधिर समाजात ऊठबस असलेली आहे का, हे आधी विचारावे. नोंदणी क्रमांक मागावा. पैसे महिन्याच्या महिन्याला द्यावेत. आणि जो कोणी तपासणी पुढे ढकलायला सांगेल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

बेरा अखेर झाली आणि दोन्ही कानांत तीव्र श्रवणदोष निघाला. आता मुलीला श्रवणयंत्रे बसवली आहेत, आणि काकूंचे भाऊ रविवारी आमच्या घरी येऊन सासूबाईंसह सगळ्यांना शिकवतात. केंद्राविरुद्ध पुनर्वास परिषदेकडे लेखी तक्रार केली असून जिल्हा ग्राहक आयोगातही प्रकरण दाखल केले आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणात तेथे शुल्क लागत नाही आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतून माहिती मिळते. ती कार्डे आणि पावती आम्ही पुरावा म्हणून जोडली आहेत. त्याच केंद्रात पैसे भरलेली आणखी दोन कुटुंबे आमच्यासोबत प्रतिज्ञापत्र देण्यास तयार झाली आहेत.