घरी आयएनआर मोजायला लागून आठ महिने झाले

माझ्या हृदयात मायट्रल झडपेच्या जागी यांत्रिक झडप आहे. रात्री घर शांत झालं की तिची टिकटिक शेजारी झोपलेल्यालाही ऐकू येते. झडप बसली तेव्हापासून एसिट्रॉम ही रक्त सहज गोठू न देणारी गोळी चालू आहे, आणि रक्त गोठायला नेहमीच्या साधारण किती पट वेळ लागतो ते आयएनआर हा आकडा सांगतो. नऊ वर्षं दर महिन्याला कराडच्या लॅबमध्ये हात पुढे करायचा, रिपोर्ट संध्याकाळी, तोवर डॉक्टर निघून गेलेले. संक्रांतीला भावाने बोटाच्या थेंबावर आयएनआर दाखवणारं मीटर घेऊन दिलं. साखर मोजतात तसंच दिसतं, मिनिटभरात आकडा येतो.

मीटरपेक्षा आधी रिपोर्टबद्दल बोलते, कारण नऊ वर्षं मी तो कागद वाचत होते आणि मला तो कळत नव्हता. माझ्या एका रिपोर्टवर रुग्णाचा पीटी (म्हणजे रक्त गोठायला लागलेला वेळ) ३०.५ सेकंद, कंट्रोल (गोळी न घेणाऱ्याच्या रक्ताचा वेळ) १२.५, आयएसआय १.१ असं होतं. ३०.५ ला १२.५ ने भागलं की २.४४ येतं, त्याचा १.१ वा घात केला की २.६७. हाच आयएनआर. आयएसआय म्हणजे त्या लॅबच्या रसायनाचा तिखटपणा म्हणा. सातारा आणि पुण्याचे रिपोर्ट एका मापात यावेत म्हणून ही आकडेमोड. त्यामुळे नुसते सेकंद दोन लॅबमध्ये ताडून बघण्यात अर्थ नाही, आयएनआर बघायचा.

आता गंमत. रिपोर्टवर शेजारी ‘नॉर्मल ०.८ ते १.२’ छापलेलं असतं आणि आपला आकडा ठळक करून दिलेला असतो. सासूबाई दर महिन्याला घाबरायच्या. ती रेंज गोळी न घेणाऱ्यांची. मला डॉक्टरांनी २.५ ते ३.५ सांगितलंय. पायातल्या रक्ताच्या गाठीसाठी किंवा ठोके अनियमित म्हणून गोळी चालू असेल तर बहुधा २ ते ३ सांगतात. माझा आयएनआर १.१ आला तर ती आनंदाची बातमी नाही, झडपेवर गाठ धरायची भीती आहे. आणि ‘रक्त पातळ’ हा शब्दच फसवा. रक्त पाण्यासारखं होत नाही. यकृत के जीवनसत्त्व वापरून गोठवणारे घटक बनवतं, गोळी त्या कामात खीळ घालते. एवढंच.

मीटर वापरायला सोपं, पण पहिल्या महिन्यात चार पट्ट्या वाया गेल्या. थंडीत बोट गार, थेंब लहान, की यंत्र एरर दाखवतं. मग मी बोट पिळायचे. ते चुकीचं, कारण पिळल्याने पेशींमधला रस मिसळतो आणि तोही गोठण्याला हात लावतो. आता कोमट पाण्यात हात धरते, हात पूर्ण कोरडा करते, बोटाच्या कडेला टोचते आणि पहिलाच थेंब लगेच पट्टीला लावते. पट्टी स्वस्त नाही. पैसे वाचतील म्हणून कोणी घेऊ नये.

लॅबशी जुळतं का? एकाच सकाळी मीटर २.९, लॅब २.७. डॉक्टर म्हणाले, एवढा फरक चालतो. पण मीटरवर चारच्या वर गेलं तर लॅबमधून खात्री करायचीच. लॅबही चुकते बरं. एकदा निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरलीच नाही आणि आकडा फुगून आला. नळीत रक्त गोठू न देणारं सायट्रेट ठरावीक असतं, रक्त कमी पडलं की हिशेब बिघडतो. तेव्हापासून मी नळीकडे बघूनच हात काढते.

माझा खरा मूर्खपणा फेब्रुवारीतला. यंत्र हाताशी आहे म्हणून रोज मोजायला लागले. २.६, २.९, २.५, आणि प्रत्येक आकड्याला जीव खालीवर. गोळीचा डोस बदलला तरी त्याचा पूर्ण परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो, कारण आधी बनलेले घटक रक्तात फिरत असतात, काही तर दिवसेंदिवस. आज गोळी वाढवली आणि उद्या आकडा हलला नाही म्हणून अजून वाढवली, असं केलं तर आठवड्याने नाकातून रक्त. मी डोसला हात लावला नाही, पण मनात आलं होतं. आता आठवड्यातून एकदा, सकाळी. आकडा डॉक्टरांना व्हॉट्सॲप करते आणि काही बदल असेल तर रात्री नऊच्या गोळीआधी उत्तर येतं. महिन्याच्या रिपोर्टला हे कधीच जमलं नसतं.

मे महिन्यात जुलाब झाले, मेट्रोनिडाझोल ही जंतूंवरची गोळी घेतली, जेवण जवळजवळ बंद. चौथ्या दिवशी ४.६! लॅबमध्ये ४.३. डॉक्टरांनी काय करायला सांगितलं ते लिहीत नाही, कारण तसाच आकडा तुमचा आला तर कारण वेगळं असेल. पण कुठलीही नवी गोळी सुरू झाली की विचारायचं आणि लवकर मोजायचं, हे पक्कं झालं. याउलट गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक घेतलं तर आकडा सरळ दिसू शकतो आणि पोटात रक्तस्राव होऊ शकतो. मीटरला ते कळत नाही. काळी शी, हिरड्यांतून रक्त, डोक्याला मार, यात आकडा बघत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

श्रावणात माहेरी गेले. आईने टाकळा, मग अळूचं फतफतं, मग मेथी. पालेभाजीत तेच के जीवनसत्त्व, त्यामुळे आठ दिवसांनी १.९. मला वाटलं आता पालेभाजी कायमची बंद. डॉक्टर म्हणाले, “ताई, भाजी खा, पण दर आठवड्याला साधारण तेवढीच खा. गोळी त्या हिशेबाने बसवू.” शेजारच्या काकू मात्र अजून लसूण चघळायला सांगतात, रक्त पातळ होतं म्हणून. काकू, ते काम आधीच चालू आहे.

एक तक्रार राहिली. मीटर जुने आकडे तारखेसकट साठवतं, पण त्या दिवशी काय खाल्लं, कुठली गोळी चुकली, ते त्यात लिहिता येत नाही. म्हणून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहिते. दुधाच्या हिशेबाशेजारी ‘२.८’, त्याखाली ‘मेथी’.