सिंगापूरच्या लिटल इंडियात दिवाळीची खरेदी: मराठी घरासाठी काय मिळतं, काय नाही

सप्टेंबर संपत आला की इथे नवीन आलेल्या मराठी घरांमधून तोच प्रश्न सुरू होतो, दिवाळीचं सगळं सिंगापुरात मिळतं का की भारतातून बॅगा भरभरून आणायचं. कोणी सांगतं अगं सगळं मिळतं, कोणी सांगतं छे लिटल इंडिया हा तमिळ लोकांचा बाजार आहे आपल्याला तिथे काही उपयोग नाही. मी म्हणेन की तमिळ बाजार आहे म्हणूनच तो आपल्या फार उपयोगाचा आहे. आमच्याकडची दिवाळी बऱ्यापैकी त्याच बाजारावर उभी राहते, म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहिते.

आधी सुट्टीचं सांगते कारण सगळी खरेदी त्यावर ठरते. इथे दीपावलीची सरकारी सुट्टी एकच दिवस असते आणि ती तमिळ पंचांगाप्रमाणे, म्हणजे नरक चतुर्दशीला. 2024 ला 31 ऑक्टोबरला होती आणि आपलं लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला, 2025 ला सोमवारी 20 ऑक्टोबरला सुट्टी आणि लक्ष्मीपूजन मंगळवारी 21 ला, म्हणजे लॅपटॉप बंद करून धावतपळत पूजा. काही मैत्रिणी कुरकुरतात की सुट्टी चुकीच्या दिवशी दिली. पण आपल्यासाठी ती पहिल्या अंघोळीच्या दिवशी आहे हे कोणी लक्षातच घेत नाही! पहाटे उठून तेल लावून अंघोळ, नवे कपडे, मग फराळ, तमिळ घरात त्या सकाळी हेच चालतं. शेजारच्या तमिळ आजी पहाटे चारला उठून सगळ्या घराच्या डोक्याला तिळाचं तेल चोपडतात आणि भिंतीपलीकडे माझी मुलं पाटावर बसलेली असतात. माझ्या मुलांना ठाण्यातल्या सोसायटीत सुद्धा एवढी सोबत मिळाली नसती, कारण तिथे हल्ली निम्मी बिल्डिंग आठ वाजता उठते.

तर या अंघोळीचं सामान. तिळाचं तेल, शिकेकाई, नागरमोथा, आवळकाठी, कापूर हे सगळं लिटल इंडियातल्या कुठल्याही पूजासामानाच्या दुकानात ढिगाने. कॅम्पबेल लेनच्या तोंडाशी ज्योती स्टोअर आहे, 1960 पासूनचं, तिथे फुलांपासून समईच्या वातींपर्यंत सगळं एका छपराखाली मिळतं आणि काउंटरवरच्या अक्कांना वस्तू नुसती हाताने करून दाखवली तरी कळते. उटणं मात्र आपल्या वासाचं शोधत बसू नका, ते भारतातून आणा, वजनाला काहीच नसतं. आणि कारीट. कारीट इथे नाही मिळत. आम्ही टेक्का मार्केटमधून लहानात लहान कारलं निवडून आणतो, बोटाएवढी मिळतात कधीकधी, आणि बाथरूमच्या दाराशी डाव्या पायाच्या अंगठ्याने ते चिरडून मुलगा ‘गोविंदा गोविंदा’ ओरडतो. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर बघून पसंती दिली, कडू असल्याशी कारण म्हणाल्या.

फुलांसाठी बफेलो रोड. हे नाव उगाच पडलेलं नाही, या सगळ्या भागात एके काळी गुरांचा व्यापार होता. लिटल इंडिया एमआरटीतून, म्हणजे मेट्रो स्टेशनातून, बाहेर आलं की टेक्का सेंटर आणि त्याच्या बाजूने ही गल्ली, भाजीवाले आणि फुलवाले ओळीने. दिवाळीच्या आठवड्यात इथे येऊन नुसतं उभं राहिलं तरी जीव सुखावतो. झेंडूचे ढीग, जाईचे गजरे, केळीची पानं गुंडाळून बांधलेली, आणि आंब्याच्या डहाळ्यांच्या जुड्या. आंब्याच्या पानांचं मला सगळ्यात अप्रूप, कारण पहिल्या वर्षी सगळ्यांनी सांगितलं होतं की तोरण प्लास्टिकचंच लावावं लागेल. जुडी घेताना मधलं एखादं पान वाकवून बघा, लवचिक असेल तर ताजी, कडकन मोडलं तर कालची. फुलवाले अण्णा हार बांधतात ते बघण्यासारखं आहे, मांडीवर केळीचा सोप, डाव्या हाताच्या दोन बोटांत दोरा ताणलेला, फुलं समोरासमोर ठेवून एक वेढा आणि गाठ, नजर गिऱ्हाइकावर आणि हात आपोआप चालू. सुई नाहीच. माझी मुलगी तिथे एवढा वेळ उभी राहिली की त्यांनी तिला उरलेल्या फुलांचा छोटा गजरा बांधून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

एक लक्षात ठेवा, इथल्या दमट हवेत झेंडू दोन दिवस नीट टिकत नाही, पाकळ्या आतून काळ्या पडायला लागतात. पहिल्या अंघोळीच्या तोरणासाठी आणलेली फुलं लक्ष्मीपूजनाला चालवायची तर ओलसर कागदात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. कारण सुट्टीच्या दिवशी तिथली बरीच दुकानं बंद असतात, त्यांची दिवाळी असते ना, आणि दुसऱ्या दिवशी उघडतात तेव्हा माल थोडा आणि उरलेला असतो. आदल्या संध्याकाळी भाव चढतात, तेव्हा दोन दिवस आधी सकाळी सकाळी गेलेलं बरं. आणि रविवार शक्यतो टाळा. बांधकामावर, शिपयार्डात काम करणाऱ्या हजारो लोकांची ती एकच सुट्टी, त्यांना त्या दिवशी मित्रांना भेटायचं असतं, घरी पैसे पाठवायचे असतात, त्या गर्दीत आपली स्ट्रोलर घुसवू नये असं मला मनापासून वाटतं.

किराण्यासाठी मुस्तफा सेंटर, सय्यद आल्वी रोड, तिथून चालत गेलं तर दहा-पंधरा मिनिटं नाहीतर फॅरर पार्क स्टेशन. मुस्तफाबद्दल सगळ्यांना माहीत असतंच, सोनं, घड्याळं, औषधं, परकीय चलन, सगळं एकाच ठिकाणी. आपल्याला पाहिजे तो दुसरा मजला. पातळ पोहे, रवा बारीक आणि जाड दोन्ही, बेसन, सुकं खोबरं, वेलची, चारोळी, आणि तूप तर इतक्या प्रकारचं की नवऱ्याला तिथे एकटं सोडू नये. डाळं कुठेही मिळतं, तमिळ घरात चटणीला रोज लागतं त्यामुळे ताजं असतं, त्याचा चिवडा फार छान होतो. पूर्वी हे दुकान चोवीस तास उघडं असायचं, आताही रात्री बराच उशीरपर्यंत असतं, म्हणून आमचा ठरलेला बेत म्हणजे मुलं झोपली की आठवड्यातल्या मधल्या दिवशी रात्री दहानंतर एकानेच जायचं. दारावर सिक्युरिटीवाले हातातल्या पिशव्या प्लास्टिकच्या पट्टीने बांधून देतात, नवीन माणूस दचकतो पण ती तिथली पद्धतच आहे, त्यामुळे शक्यतो मोकळ्या हाताने जा. तळमजल्यावर न रेंगाळता सरळ वर जा आणि यादी कागदावर घ्या, कारण तिथे रांगेमागून रांग बघत बसलं की मन भरकटतं आणि करंजीचा साचा घ्यायला गेलेला माणूस इडलीपात्र घेऊन येतो.

डबे सुद्धा तिथूनच. आणि डब्यांबद्दल मी अगदी गंभीरपणे सांगते, विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवरच्या या बेटावर फराळाचा खरा शत्रू हवा आहे. दिवाळीच्या सुमारास रोज दुपारी ढग भरून येतात, विजा कडाडतात आणि धो धो पडतो, त्यामुळे पोहे उन्हात वाळवायचं विसरा. ओव्हन शंभर डिग्रीला, ताटात पोहे पसरून दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा हलवायचे, चुरचुरीत होतात. चकली पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायची नाही आणि मोठ्या एका डब्यापेक्षा लहान चार डबे, कारण झाकण जितक्यांदा उघडेल तितकी ती सादळणार. दुपारी तीनला उघडी राहिलेली बशी रात्री जेवायच्या वेळेला मऊ झालेली असते. अनारसे मी इथे करायचं सोडून दिलंय, तांदूळ भिजवून सावलीत वाळवायला ही हवा नाहीच.

हे सगळं करायला वेळ नसतो म्हणून खूप जण तयार फराळ मागवतात, तर त्याबद्दल. घरून फराळ करून विकणाऱ्या मराठी बायका इथे बऱ्याच आहेत आणि त्यातल्या काहींच्या हाताला खरंच चव आहे. पण मागच्या वेळी ज्यांच्याकडून मागवला (नाव नको) त्यांनी वसुबारसेला देते म्हणून थेट पहिल्या अंघोळीच्या आदल्या रात्री साडेदहाला दिला, चकलीला जुन्या तेलाचा वास, शंकरपाळे दाताने तुटेनात, आणि फोन केला तर म्हणे बाकी कोणाची तक्रार नाही. पैसे गेल्याचं एवढं नाही वाटलं, पण चिनी शेजारणीसाठी ताट भरायचं होतं, त्या काकू दर चिनी नवीन वर्षाला आम्हाला न चुकता अननसाच्या टार्ट आणून देतात, अंडं चालतं ना विचारून, त्यांच्या ताटात हे कसं ठेवणार. शेवटी रात्री बसून बेसनाचे लाडू वळले. तेव्हा आधी पाव किलो नमुना मागवा, खाऊन बघा, मगच मोठी ऑर्डर. आणि अगदीच अडलं तर सेरंगून रोडवर कोमला विलास आहे, 1947 पासूनचं, तिथलं मुरुक्कू आणि म्हैसूरपाक आणा. मुरुक्कू म्हणजे आपली चकली नव्हे, भाजणीचा खमंगपणा त्यात नाही हे खरं, पण ताजं, कुरकुरीत असतं आणि इथल्या मलय, चिनी सगळ्या लोकांना लहानपणापासून माहीत असल्यामुळे शेजाऱ्यांच्या ताटात पहिलं तेच संपतं.

दिवाळीच्या आधी काही आठवडे कॅम्पबेल लेनच्या आसपास मंडप घालून जो बाजार भरतो तो मुलांना दाखवायला जरूर न्या, सेरंगून रोडवरच्या रोषणाईच्या कमानी, मोर, हत्ती, सगळं बघून मुलं हरखून जातात. पणत्या मातीच्या, रंगवलेल्या, छान मिळतात, रांगोळीचे रंग मिळतात. विजेच्या माळा आणि बॅटरीच्या पणत्या तिथे घेऊ नका. एका स्टॉलवरून घेतलेल्या डझनभर पणत्यांतल्या पाच दुसऱ्या दिवशी बंद पडल्या आणि परत घ्यायला गेलं तर विकलेला माल बदलत नाही म्हणाले, पावती मुळात दिलीच नव्हती. फटाके विसरा, इथे 1972 पासून बंदी आहे, फुलबाज्या तेवढ्या मिळतात आणि मला विचाराल तर तेवढ्या पुरतात, माझ्या दमेकरी मुलाला दिवाळीत पहिल्यांदा इनहेलर लागला नाही तो इथेच.

आकाशकंदील मात्र या बाजारात नाही. म्हणजे कागदी, चकचकीत काहीतरी लटकणारं मिळतं, आपला करंज्यांचा नाही मिळत. यावर दोन उपाय. घडीचा कंदील भारतातून येणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेत तळाशी टाकायला सांगा. नाहीतर घरी करा, साते (इथले कबाब) भाजायच्या बांबूच्या काड्या कुठल्याही सुपरमार्केटात पुडक्याने मिळतात, पतंगाचा कागद ब्रास बसाह कॉम्प्लेक्समध्ये, दोरा आणि खळ घरची. काड्या आखूड असतात म्हणून कंदील लहान होतो, पण एचडीबीच्या, म्हणजे इथल्या सरकारी इमारतींच्या, कॉरिडॉरला तो मापात बसतो, मोठा कंदील जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोक्याला लागला असता. कॉरिडॉरमध्ये आगीच्या नियमाप्रमाणे 1.2 मीटर वाट मोकळी ठेवावी लागते, तेव्हा रांगोळी दाराच्या उंबऱ्यालगतच काढा आणि पणत्या भिंतीकडे, आणि पावसाची झड आत येते म्हणून संध्याकाळी पाऊस थांबल्यावरच.

एकंदर मार्क द्यायचे तर फुलं आणि पूजासामान पाचपैकी पाच, किराणा साडेचार, तयार फराळ ज्याच्या त्याच्या नशिबावर, सजावट तीन.

आणि पुढचं विसरू नका, तुळशीचं लग्न. तुळशीची रोपं बफेलो रोडला मिळतात, चिंचा-आवळे टेक्कात शोधले तर सापडतात, ऊस मात्र भाजीवाल्याकडे त्या वेळेला नसतो, तो जानेवारीत पोंगलला येतो. त्यासाठी घराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये (खाण्याच्या स्टॉल्सचं केंद्र) उसाचा रस काढणाऱ्या अंकलना दोन दिवस आधी सांगून ठेवा, न सोललेले दोन दांडे पाहिजेत म्हणून. आमचे अंकल पैसे घेतात, आणि यंदाही लग्न आहे का विचारतात.