शेवंतीवर चिकट सापळे: हंगामभराचा अनुभव, आणि गायब झालेल्या चौकटी

ऑगस्टच्या मध्यावर मागवलेली, कीड पकडणाऱ्या चिकट कार्डांची दुसरी खेप उघडली आणि डोकंच फिरलं. कार्डांचा रंग तोच पिवळा, चिकट दोन्ही बाजूंना, आकार तोच, पाकिटावरचं नावही तेच. फक्त कार्डावरच्या बारीक काळ्या रेघा, त्या इंचाइंचाच्या चौकटी, गायब! कंपनीला फोन लावला तर पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, कीड चिकटतेय ना? मग रेघा कशाला हव्यात?" कुंडीतली शेवंती शरदातल्या विक्रीसाठी वाढवणाऱ्या माणसाला रेघा कशाला हव्यात, हे सविस्तर सांगावं म्हणून लिहायला बसले आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'कीड नियंत्रण' छापलेलं असतं, ते मनावर घेऊ नका. निदान उघड्यावरच्या पिकात या कार्डांनी कीड आटोक्यात येत नाही. कार्डावर शंभर फुलकिडे (थ्रिप्स, रस शोषणारे बारीक किडे) चिकटले तरी कळ्यांत त्याच्या कित्येक पट बसलेले असतात. कार्डाचं काम खबर देण्याचं: कोणती कीड आली, कुठल्या बाजूनं आली, गेल्या आठवड्यापेक्षा वाढली की घटली. एवढंच काम, पण शेवंतीत त्याची किंमत मोठी आहे. जूनमध्ये रोपं कुंडीत लावायची, शेंडे खुडून झुडूप भरवायचं, मग दिवस आखडून रात्री लांबायला लागल्या की कळी धरायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या मोजक्या आठवड्यांत सगळा माल हलवायचा. हुकलेला आठवडा परत मिळत नाही. त्यात गिऱ्हाईक अख्खी कुंडी उचलून फिरवून बघतं. कापलेल्या फुलाची खालची पानं काढून टाकता येतात, कुंडीतल्या झाडाचं पान न् पान विकायला असतं.

आता रेघांचं. अख्खं कार्ड मोजत बसायची गरज नसते. मधली एक इंच रुंदीची उभी पट्टी मोजली तरी पूर्ण कार्डाचा अंदाज पुरेसा बरोबर येतो आणि वेळ कितीतरी वाचतो. अट एकच: दर आठवड्याला त्याच वारी, त्याच जागेवरच्या कार्डाची, तीच पट्टी मोजायची. आकडा किती यापेक्षा तो कुठल्या दिशेला चाललाय, हे महत्त्वाचं. चौकटी असल्या की भिंग एका घरावर ठेवायचं, मोजायचं, खालच्या घरात उतरायचं. चौकटी नसल्या की नजर घसरते. फुलकिडा जेमतेम एक-दीड मिलिमीटर लांब. पिवळ्यावर तो फिकट तपकिरी बारीक रेघेसारखा दिसतो, आणि भिंगाखाली धरल्यावरच पंखांची झालर कळते. असे किडे मोकळ्या पिवळ्या मैदानात मोजायचे म्हणजे एकच दोनदा मोजला जातो, शेजारचा सुटतो. पहिल्या खेपेची कार्डं उभ्या उभ्या मोजून व्हायची. दुसऱ्या खेपेची काढून, टेबलावर आणून, उजेडात धरून मोजावी लागली. छपाईची शाई वाचवून कंपनीनं स्वतःच्या मालातली सर्वांत कामाची गोष्ट काढून टाकली आहे.

टांगण्याबद्दल. बांबूची काडी आणि कपडे वाळत घालायचा चिमटा, एवढं पुरतं. कंपनीचे वेगळे विकत मिळणारे तारेचे स्टँड घेण्याची काहीही गरज नाही. कार्डाची खालची कड शेंड्यांच्या जरा वर हवी आणि झाड वाढेल तसा चिमटा वर सरकवायचा. हे विसरलं की कार्ड पानांत बुडतं आणि पकड एकदम घटते. कीड कमी झाल्याचा खोटा दिलासा मिळतो. आच्छादनाखाली साधारण 100 चौरस मीटरला एक कार्ड धरतात. मी दाराजवळ, वाऱ्याकडच्या कडेला आणि नवीन आलेल्या रोपांजवळ जास्त लावली. दोन-तीन कार्डं कुंडीच्या मातीलगत आडवी ठेवली, कारण कुंडीतल्या ओल्या मातीतून निघणारी काळी चिलटं तिथेच सापडतात.

पहिल्या महिन्यात माझं मत वाईट होतं आणि तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी दोनच तारे दिले असते. कार्डं चिलटांनी आणि निरुपद्रवी माश्यांनी भरायची, आणि त्याच वेळी शेजारच्या कुंडीच्या शेंड्यावर मावा दाटलेला असायचा. शेवंतीचा स्वतःचा असा एक मावा असतो, काळपट तपकिरी, चकचकीत. कोवळ्या शेंड्याला आणि कळीच्या देठाला तो असा बिलगतो की देठाचा हिरवा रंग दिसत नाही. कार्डावर मात्र एकही नाही! कारण सरळ आहे. माव्याच्या बहुतेक माद्यांना पंख नसतात. त्या अंड्यांशिवाय थेट पिल्लं घालतात, उन्हाळ्याच्या उबेत ती पिल्लं आठवडाभरात पुन्हा विणीला येतात, आणि गर्दी झाली किंवा झाड खंगलं की मग पंखवाली पिढी निघते. म्हणजे बाहेरून उडून आलेला पहिला मावा कार्डावर मिळाला तर मिळाला, पण आतल्या आत वाढणारा मावा कार्डावर दिसेस्तोवर उशीर झालेला असतो. लाल कोळी तर कधीच दिसणार नाही, त्याला पंखच नाहीत. कोरड्या गरम हवेत पानावर बारीक पांढुरके ठिपके दिसले की पान उलटून भिंगानं बघायचं, दुसरा उपाय नाही.

म्हणून कार्ड मोजायला गेलं की प्रत्येक कार्डाच्या आसपासच्या काही कुंड्या हातानं बघायच्या, हा नेम ठेवावा लागतो. खालच्या पानांवर चिकट चकाकी किंवा पांढऱ्या कातीचे कण दिसले की वर शेंड्यात मावा आहेच समजा. एक फांदी पांढऱ्या कागदावर झटकायची. फुलकिडे, कोळी, सगळं कागदावर चालायला लागतं. कागद फुकट आहे आणि काही बाबतींत कार्डापेक्षा सरस आहे. पाकिटावर ही मर्यादा कुठेही लिहिलेली नाही याचा मला राग आहे.

मत बदललं ते फुलकिड्यांमुळे. ऑगस्टच्या सुरुवातीला शेजारच्या मोकळ्या जागेतलं तण कापलं गेलं. त्या आठवड्यात त्या बाजूच्या कार्डांवरचे फुलकिडे एकदम दुपटीच्या वर गेले. मधल्या आणि पलीकडच्या कार्डांवर काहीच फरक नव्हता. झाडं बघितली तर निर्दोष. पानावर चंदेरी ओरखडा नाही, विष्ठेचे काळे ठिपके नाहीत. पण त्याच कडेच्या कुंड्यांचे शेंडे कागदावर झटकले तेव्हा पिवळसर पिल्लं पडली, आणि शंका उरली नाही. तण वाळलं किंवा कापलं की त्यातले फुलकिडे जवळच्या हिरव्या पिकावर येतात. ती कडेची ओळ पिकाच्या उंबरठ्यावर पकडता आली ती केवळ कार्डांमुळे.

हा एक आठवडा का मोलाचा, ते सांगते. फुलकिड्याची मादी अंडी पानाच्या गरात घालते, तिथे फवारा पोचत नाही. पिल्लं आणि प्रौढ शेंड्याच्या घडीत असतात. मधली कोषावस्था बहुतांशी खाली मातीत जाते, तिथेही फवारा पोचत नाही. म्हणजे एका फवारणीत निम्मीअधिक पिढी हाताबाहेरच राहते. उबदार हवेत सगळं चक्र दोन-तीन आठवड्यांत पुरं होतं. त्यामुळे पाच ते सात दिवसांच्या अंतरानं पाठोपाठ फवारण्या घ्याव्या लागतात, लेबलवर दिलेलं अंतर आणि प्रमाण पाळून. एक पिढी उलटली की औषधाचा गट, म्हणजे ते किडीला कसं मारतं त्यावरून ठरलेला प्रकार, बदलायचा. नुसतं नाव बदलून भागत नाही, कारण वेगळ्या नावाच्या दोन बाटल्यांत एकाच गटाचं औषध असू शकतं. बऱ्याच लेबलांवर गटाचा क्रमांक असतो, तो वाचा. पश्चिमी फुलकिडा ही फुलकिड्यांची एक जात औषधांना दाद न देण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. स्पिनोसॅडसारखं चांगलं औषधसुद्धा पुन्हा पुन्हा वापरून बऱ्याच ठिकाणी बोथट झालं आहे. आणि हे सगळं कळी रंग दाखवायच्या आत उरकायला हवं. पाकळ्या उघडायला लागल्या की किडा पाकळ्यांच्या आत जाऊन बसतो आणि वरून मारलेल्या औषधाचे, विशेषतः तेलाचे आणि साबणाचे, डाग पाकळ्यांवर राहतात. मग कीडही विकता येत नाही आणि डागही.

दुसरं भय विषाणूचं. टोमॅटोवरचा ठिपके-मर विषाणू शेवंतीलाही लागतो आणि तो फुलकिड्यांमार्फतच पसरतो. किडा पिल्लू असताना रोगट झाडावर जेवला तरच मोठेपणी तो पसरवू शकतो. रोगावर औषध नाही. झाड उपटून पिशवीत बांधून बाहेर काढायचं, बस. कुंड्यांच्या मध्ये दोन-तीन पेट्युनिया ठेवाव्यात. विषाणू घेऊन आलेल्या फुलकिड्यानं पेट्युनियाचं पान खाल्लं की थोड्या दिवसांत खाल्लेल्या जागी तपकिरी डाग उठतात. कार्ड किडा दाखवतं, पण तो विषाणू घेऊन फिरतोय का, हे पेट्युनिया दाखवते.

निळी कार्डंही घेतली होती. फुलकिड्यांना निळा रंग जास्त ओढतो हे खरं, पण पिवळ्यावर फुलकिडे, पांढरी माशी, पंखवाला मावा, नागअळीची (पानाच्या आत नागमोडी बोगदे करणाऱ्या अळीची) माशी आणि चिलटं असं सगळं एकत्र कळतं. पैसे मोजून खर्च करणाऱ्यानं पिवळीच घ्यावीत आणि जिथून फुलकिडे येतात त्या कडेला हवं तर एक-दोन निळी लावावीत. दोन रंगांचे आकडे मात्र एकमेकांशी ताडून बघू नका.

नागअळीच्या बाबतीत कार्डानं सुखद धक्का दिला. नवीन आलेल्या रोपांच्या ट्रेजवळच्या कार्डावर बारीक काळी-पिवळी माशी मिळाली, तेव्हा पानांवर नागमोडी रेषा अजून उमटलेल्याही नव्हत्या. निरखून बघितल्यावर वरच्या पानांवर टाचणीनं टोचल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. माशी तिथे पान टोचून रस पिते आणि त्यातल्या काही भोकांत अंडी घालते. ट्रे लगेच बाजूला काढले. शेवंती आणि नागअळी यांचं नातं जुनं आहे. 1970 च्या दशकात फ्लोरिडातून निघालेल्या शेवंतीच्या कलमांबरोबरच अमेरिकन नागअळी कॅलिफोर्निया, युरोप आणि केनियापर्यंत पोचली. कलमं कितीही खात्रीच्या ठिकाणची असोत, पहिले काही दिवस वेगळी ठेवा आणि शेजारी कार्ड लावा.

मित्रकीटक, म्हणजे किडीला मारणारे कीटक, सोडणाऱ्यांसाठी एक सूचना. माव्यावर आणि नागअळीवर जगणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्याही या कार्डांना चिकटतात, तेव्हा सोडण्याच्या दिवसांत कार्डांची संख्या कमी ठेवा. भक्षक कोळी उडत नाहीत, त्यांना कार्डांचा त्रास नाही.

कार्डावरचा चिकट गोंद कसा आहे? चांगला. उन्हात ओघळला नाही, ठिबकवर असलेल्या कुंड्यांत हंगामभर टिकला. वरून पाणी मारणाऱ्यांकडे आणि धूळ उडते तिथे कार्ड लवकर निकामी होतं. धुळीचा थर बसला की किडा नुसता टेकून उडून जातो. संरक्षक कागद मात्र भिकार, निम्म्या कार्डांवर फाटून अर्धा तसाच राहिला. बोटांचा चिकट खाद्यतेलानं निघतो, साबणानं नाही.

पुन्हा रेघांकडे येते. कंपनीनं "मालात दोष नाही" म्हणून बदली नाकारली. मी पहिल्या आणि दुसऱ्या खेपेच्या कार्डांचे फोटो शेजारीशेजारी ठेवून पाठवले, त्यावर "सूचना संबंधित विभागाकडे दिली आहे" एवढा एक निरोप आला. तोवर काम अडू नये म्हणून जाड पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर कायम शाईच्या पेननं इंचाच्या चौकटी आखल्या. कार्ड काढलं की त्यावर अन्न गुंडाळायची पातळ पारदर्शक फिल्म घट्ट लावायची आणि वर तो आखलेला तुकडा ठेवून मोजायचं. फिल्मवर तारीख आणि जागा लिहून कार्डं खोक्यात रचून ठेवता येतात, एकमेकांना चिकटत नाहीत. ऑगस्टमधलं कडेचं कार्ड आणि सप्टेंबरमधलं त्याच जागेचं कार्ड शेजारी ठेवलं की फवारणीनं काय केलं ते कुणालाही दिसतं. ही सोय चौकटीच्या कार्डालाही उपयोगी आहे, पण ती माझ्या घरच्या प्लास्टिकची आहे, कंपनीची नाही, आणि पैसे मी पहिल्या खेपेइतकेच मोजले आहेत.

आजच्या घडीला पहिल्या खेपेला साडेचार तारे, दुसऱ्या खेपेला तीन. मागवण्याआधी विक्रेत्याकडून कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागून घ्या. पाकिटावरचं चित्र जुन्या चौकटीवाल्या कार्डाचंच आहे. पुढच्या हंगामाची मागणी देताना चौकटी आहेत की नाहीत हे मी लेखी विचारलं आहे. नाहीत असं उत्तर आलं तर दुसऱ्या कंपनीची घेणार.