अजिंठा-वेरूळ की हंपी? पहिल्या वारसा-सहलीला कुठे जावं

डिसेंबरात चार-पाच दिवस सुट्टी मिळते आणि घरात ठरतं, यंदा समुद्रकिनारा नको, काहीतरी जुनं आणि आपलं बघू. मुलांनाही पुस्तकाबाहेरचा इतिहास दिसेल. मग हमखास दोन नावं पुढे येतात: अजिंठा-वेरूळ आणि हंपी. अजिंठा आणि वेरूळ 1983 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, हंपी 1986 पासून. दोन्हीकडे एवढ्या दिवसांत निवांत जाऊन येता येतं, त्यामुळे ठरवणं आणखी अवघड होतं.

मी दोन्हीकडे एकाहून जास्त वेळा गेले आहे. कधी मुलांबरोबर, कधी गुडघ्यांचा त्रास असलेल्या आईबरोबर. माझ्या अनुभवात ही निवड तुमच्या बघण्याच्या सवयीवर ठरते. एकाच भिंतीपुढे अर्धा तास उभं राहणं तुम्हाला जमतं का? की चालता चालता, तुटक्या तुकड्यांवरून अख्खं शहर मनात उभं करायला आवडतं?

अजिंठा: अंधारात उभं राहण्याची तयारी

वाघूर नदी घोड्याच्या नालेसारखी वळते आणि त्या वळणावरच्या कातळात तीसेक बौद्ध लेणी आहेत. काही सातवाहन काळातली, इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातली. बरीचशी पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या वेळची. मधली चारेक शतकं इथे जवळपास काहीच कोरलं गेलं नाही.

पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात उन्हातून आत शिरलात की पहिलं मिनिटभर काहीच दिसत नाही. बरेच लोक तेवढ्यातच बाहेर पडतात आणि "रंग उडालेत सगळे" म्हणत पुढच्या लेण्याकडे वळतात. थांबा. डोळे सरावले की गाभाऱ्याच्या डाव्या हाताला पद्मपाणी बोधिसत्त्व हळूहळू वर येतो: कलती मान, अर्धे मिटलेले डोळे, बोटांत नाजूक धरलेलं निळं कमळ. अजिंठ्याच्या चित्रांत जो खरा गडद निळा दिसतो, तो लाजवर्दी दगडाचा, थेट आजच्या अफगाणिस्तानाकडून आलेला. बाकीचे रंग बहुतेक इथल्याच माती-दगडांचे. भिंतीवर भुसा, तूस मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर रंग. म्हणून हा रंग भिंतीत मुरलेला नाही, वर बसलेला आहे, आणि ओल, वटवाघळं, माणसांचे श्वास या सगळ्यांनी तो सुटत गेला. पायातलं काढून आत जायचं आणि फ्लॅश अजिबात वापरायचा नाही, हे नियम त्यासाठीच आहेत. मनापासून पाळा.

एकच चित्र बघायचं तर मी सतराव्या लेण्यात नेईन. बुद्ध भिक्षापात्र घेऊन स्वतःच्याच दारात आलाय. तो भिंतभर उंच आहे. समोर यशोधरा आणि राहुल, अगदी लहानसे, वर बघत उभे. आई मुलाला पुढे करते आहे: जा, वडिलांकडे तुझा वारसा माग. चित्रकाराने माणसांच्या उंचीतला फरक एवढा ठेवलाय की नवरा-बायकोमधलं अंतर शब्दांशिवाय कळतं. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने विचारलं, "तो त्यांना ओळखतच नाहीये का?" त्या प्रश्नावर आम्ही परतीच्या रस्त्याभर बोलत होतो.

दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 28 एप्रिल 1819 ला कोरलेलं नाव आहे. शिकारीला आला होता, लेणी सापडली. तेव्हा आत इतका गाळ साचला होता की त्यावर उभं राहून त्याने खरडलेलं नाव आज डोक्याच्या बरंच वर दिसतं. ते शोधायला मुलांना आवडतं. शतकानुशतकं टिकलेल्या चित्रावर नाव खरडणं म्हणजे काय, हे समजावून सांगायलाही तीच जागा उत्तम.

वेरूळ: एका डोंगरावर तीन धर्म

वेरूळची 34 लेणी साधारण दोन किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. भारतीय संस्कृतीची पहिली ओळख कुणाला करून द्यायची असेल, तर याहून सोपी आणि खरी जागा माझ्या बघण्यात नाही. दहाव्या लेण्यात दगडी छताला लाकडी घरासारख्या फासळ्या कोरल्यात. आधीची माणसं लाकडात बांधत होती, त्यांचा हात दगडातही तोच आकार घडवत राहिला.

सोळावं ते कैलास. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, आठवं शतक. इथे काहीच "बांधलेलं" नाही. वरून खाली कातळ उतरवत नेलाय. कर्नाटकातल्या पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर पाहिलेलं असेल तर साम्य लगेच ध्यानात येईल, पण ते दगडांवर दगड रचून केलंय. आपल्याकडची दंतकथा सांगते की शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असा नवस राणीने केला होता, आणि पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने तो पुरा करायला शिखरापासूनच काम धरलं. कथा म्हणूनच ऐकायची, पण खालून वर न जाता वरून खाली येण्याची कामाची पद्धत तिच्यात नेमकी पकडली आहे.

कैलास हलवणाऱ्या रावणाचं शिल्प चुकवू नका. खाली रावण पूर्ण जोर लावतोय, वर पार्वती घाबरून शिवाचा दंड धरते, एक दासी पळ काढते, आणि शिव मात्र निवांत. आईला पुढची लेणी चालून बघणं शक्य नव्हतं. ती कैलासच्या अंगणात सावलीला दीड तास बसली, आणि नंतर सांगत होती की तिलाच सगळ्यात जास्त दिसलं.

वेरूळच्या वाटेवर यादवांचं देवगिरी आणि खुलताबाद लागतं, लेण्यांशेजारी घृष्णेश्वर. शहाजीराजांचे वडील मालोजीराजे वेरूळचे, आणि घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार त्यांनी केला, पुढे अहिल्याबाई होळकरांनी. एकाच रस्त्यावर हे सगळं आहे.

हंपी: पायी समजणारं शहर

हंपीला पोचल्यावर आधी दगडच दिसतात. हत्तीएवढे, घराएवढे ग्रॅनाइटचे धोंडे एकमेकांवर तोललेले. स्थानिक श्रद्धेने हीच किष्किंधा. 1336 ला हरिहर आणि बुक्क यांनी इथे विजयनगरचं राज्य उभं केलं, कृष्णदेवरायाच्या काळात (1509 ते 1529) ते शिखरावर पोचलं आणि दख्खनच्या सुलतानांशी झालेल्या 23 जानेवारी 1565 च्या तालिकोटच्या लढाईनंतर राजधानी उद्ध्वस्त झाली. डोमिंगो पायस हा पोर्तुगीज 1520 च्या सुमारास आला होता. त्याला हे शहर रोमएवढं मोठं वाटलं होतं.

अजिंठा-वेरूळला जे मिळत नाही ते इथे मिळतं: लोक राहत कसे होते. देवळापुढे लांबलचक बाजारपेठ, दगडी खांबांच्या ओवऱ्या. अकरा घुमटी दालनांची गजशाळा. कमळमहालाच्या कमानी बघताना लक्षात येतं की ज्या सुलतानांशी लढाया होत होत्या, त्यांच्याकडची बांधणी राजवाड्यात खुशाल वापरली जात होती. आणि पाणी! दगडी पन्हळींतून पाणी राजवाड्याच्या आवारात आणलेलं, आणि त्या काळचे काही कालवे आजही भाताला, केळीला पाणी देतात.

राजवाड्याच्या आवारातल्या पायऱ्यांच्या पुष्करणीपाशी खाली वाकून दगड जवळून बघा. काळ्या दगडाच्या चिऱ्यांवर बारीक खुणा कोरल्यात, कोणता चिरा कोणत्या बाजूला, कोणत्या ओळीत बसवायचा याच्या. गवंड्यांची ही आठवण पुष्करणीसकट मातीखाली गेली होती, ती 1980 च्या दशकातल्या उत्खननात वर आली. 1528 चा उग्र नरसिंह एकाच दगडातला, साडेसहा मीटरहून उंच. त्याच्या मांडीवरची लक्ष्मी फोडली गेली, पण मागच्या बाजूने पाहिलं तर तिचा त्याच्या कमरेला वेढलेला हात अजून तिथेच आहे.

मराठी माणसाने विठ्ठल मंदिरात जरा जास्त वेळ काढावा. सगळे दगडी रथाचे फोटो काढतात (पन्नासच्या नोटेवर तोच आहे), सुरांचे खांब बघतात, ते वाजवून बघू नयेत. गाभाऱ्यात मूर्ती नाही. आपली परंपरा सांगते की कृष्णदेवरायाने पंढरपूरचा विठ्ठल इथे आणला आणि पैठणच्या भानुदासांनी, म्हणजे एकनाथांच्या पणजोबांनी, तो परत नेला. त्या रिकाम्या गाभाऱ्यापुढे उभं राहिल्यावर मला पंढरपूर फार जवळ वाटलं. विरूपाक्षाचं मंदिर मात्र नांदतं आहे, रोज पूजा, लग्नं, नवस. तिथे गाभाऱ्यामागच्या एका अंधाऱ्या दालनात गोपुराची सावली उलटी पडते, तीही बघाच.

पाय, ऊन आणि वार

हंपीला पायपीट जास्त. ठिकाणं काही किलोमीटरवर विखुरलेली आहेत, दिवसभर रिक्षा ठरवणं किंवा सायकल घेणं बरं. विठ्ठल मंदिराचं तिकीट त्याच दिवशी कमळमहालाच्या आवारातही चालतं, म्हणून दोन्ही एका दिवसात बसवा. मार्च ते मे इथला दगड तापतो, लहान मुलं हैराण होतात. मुक्काम होसपेटे किंवा कमलापूरला, नाहीतर नदीपलीकडे आनेगुंदीच्या बाजूला करा. जुन्या सल्ल्यांत विरुपापूर गड्डीचं नाव येतं, पण तिथली हॉटेलं 2020 मध्ये पाडली गेली.

अजिंठ्याला सुरुवातीला चढ आहे, पण डोलीवाले मिळतात. खासगी गाडी खालीच थांबते, वरपर्यंत बस नेते. वेरूळ सर्वांत सोपं, कैलास प्रवेशद्वारासमोरच. पावसाळ्यात दोन्हीकडे धबधबे असतात आणि मला अजिंठा ऑगस्टमध्येच सर्वाधिक आवडतो, फक्त ढगाळ दिवशी चित्रं आणखी अंधूक दिसतात. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ 30 किलोमीटर, अजिंठा सुमारे 100. अजिंठा जळगावकडून जवळ, साठेक किलोमीटर. पुण्या-मुंबईहून हंपीचा प्रवास छत्रपती संभाजीनगरच्या दुपटीहून लांबचा, जाता-येता एकेक दिवस त्यातच जातो.

मग कुठे?

घरात वयस्कर माणूस असेल, मुलं दहाच्या आतली असतील किंवा हातात तीनच दिवस असतील, तर वेरूळ-अजिंठा. आधी अजिंठा, मग वेरूळ. अजिंठ्याचं काम जिथे थांबतं, साधारण तिथूनच वेरूळचं सुरू होतं, आणि त्या क्रमाने बघितलं की छिन्नीचा हात कसा बदलत गेला ते आपोआप दिसतं.

पाच दिवस आहेत, सगळे चालणारे आहेत आणि हिवाळा आहे, तर हंपी, तिथे पूर्ण दोन दिवस आणि एक सकाळ ठेवून. मुलं तेरा-चौदाची असतील तर मी हंपीच आधी सुचवीन. त्या वयात त्यांना शहर कसं चालतं, कोण कुणाशी का लढलं, हे प्रश्न पडलेले असतात आणि हंपी त्यांची उत्तरं दगडांत देतं.

दोन्ही एका सहलीत कोंबू नका. मी एकदा केलं, आणि शेवटच्या दिवशी नरसिंहाच्या मागचा तो हात न बघताच परतले. तो दिसला पुढच्या खेपेला, चार वर्षांनी.

आरक्षण करण्याआधी वार बघा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. अजिंठा आधी बघायचं असेल तर रविवारी सकाळी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ असं उत्तम जमतं, पण रविवारी गर्दी असते. गर्दी नको असेल तर मंगळवारी अजिंठा, बुधवारी वेरूळ.