बॅटरीचे गरम हातमोजे, चार महिन्यांनंतर: डावा मेला, पायमोजा कामी आला

डावा मोजा गेल्या आठवड्यात बंद पडला. दिवा लागतो, ऊब शून्य. सर्व्हिसवाल्याने हातात न घेताच सांगितलं, "ओलावा गेलाय, वॉरंटीत बसत नाही." थंडीत बाहेर काम करायला म्हणून विकलेला मोजा, आणि त्याला दव नि घाम चालत नाही! मग घालायचा कुठे, कपाटात?

७.४ व्होल्टची बॅटरी, ऊब कमी-जास्त करायला तीन पायऱ्या, असा हा मोजा. माझं काम पाइप जोडणीचं, दिवसभर हातात लोखंडी पाना. लोखंड लाकडापेक्षा कितीतरी वेगाने हातातली ऊब ओढतं. या मोज्यांच्या तापणाऱ्या तारा मात्र हाताच्या पाठीवर, तळव्याला काहीच नाही. पाना काय हाताच्या पाठीने धरू? बारीक नट उचलायला मोजा काढावा लागतो तो वेगळाच. लेबलवर ईएन ५११ चं, म्हणजे थंडीच्या हातमोज्यांच्या युरोपीय मानकाचं, चिन्हही नव्हतं. त्यात तीन आकडे असतात आणि दुसरा आकडा गार वस्तूच्या स्पर्शाचा. आमच्या कामात बघायचा तोच. पहिल्या महिन्यात मी ज्याला त्याला "घ्याच" म्हणत होतो, ते अर्धं परत घेतो.

खरा राग मनगटाचा. पट्टी इतकी आखूड की हात वर केला की बाही आणि मोज्याच्या मधे दोन बोटं उघडी. मनगटाशी रक्तवाहिन्या कातडीला लागूनच असतात. बोटांकडे निघालेलं रक्त तिथेच गार होतं, आणि मग पुढे बॅटरी जाळत बसा. तीही थंडीत लवकर मान टाकते.

डावा मेल्यावर त्या हातात साधा, रबरी लेपाचा विणलेला मोजा घातला. एक नंबर मोठा, कारण घट्ट मोज्यात रक्त अडतं. आतून पातळ लोकरीचा; सुती ओला झाला की गारठाच. आणि मनगटावर फाटक्या लोकरी पायमोज्याचा वरचा तुकडा कापून चढवला, अंगठ्याला भोक पाडून. उजव्या हातात चालू असलेला बॅटरीचा मोजा. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, पाना मी डाव्या हाताने फिरवतोय. मी डावखुरा नाही.

आता दुसऱ्या पायमोज्याचाही बळी दिलाय. दुपारी आतला घामट मोजा बदलून कोरडा घालतो. तरीही बोटं गारठली तर आधी अंगात एक थर वाढवतो, कारण धड गार पडलं की शरीर बोटांचं रक्त आखडून घेतं. लोहचूर्णाच्या गरम पुड्याही वापरून पाहिल्या. त्यांना हवा लागते, घट्ट मोज्यात त्या मंदावतात. पण अर्धी वापरलेली पुडी हवाबंद पिशवीत ठेवली की थांबते आणि दुसऱ्या दिवशी परत तापते, हे मात्र आवडलं.

शेवटी न राहवून मेलेल्या मोज्याची शिवण उसवली. आत अगदी कोरडं! अंगठ्याच्या बुडाशी, जिथे तो वाकतो तिथे, तार तुटलेली. डाग दिला, पुन्हा तापायला लागला. घालतो आता दोन्ही, जेवणाच्या सुट्टीत.