व्हीबी६ची जुनी डीएलएल, डॉट नेट ८ आणि जिनिंगचा एक हंगाम

धरणगावकडील आमच्या जिनिंगमध्ये काटापट्टीचे (वजनाच्या पावतीचे) सॉफ्टवेअर हंगामापूर्वी डॉट नेट ८ वर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नव्या प्रोग्रॅमिंग चौकटीवर, आणले गेले. ओलाव्याची वजावट काढणारी व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी६) या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या भाषेतील डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रॅमने वापरायची तयार कोडची फाइल) मात्र तशीच ठेवून कॉम इंटरॉप या जुन्या-नव्याला जोडणाऱ्या दुव्यातून जोडली. खर्च वाचला, आणि सुरुवातीला तरी मी या व्यवस्थेवर अत्यंत खूश होतो. त्याचे खरे कारण पैशांचा हिशेब होता. रक्कम साठवण्याच्या व्हीबी६मधील जुन्या करन्सी प्रकारात दशांश चिन्हानंतर नेमकी चार स्थळे असतात आणि इंटरॉप त्याचे रूपांतर थेट डॉट नेटच्या डेसिमल या अचूक दशांश प्रकारात करते. त्यामुळे जुन्या व नव्या पट्ट्या शेजारी ठेवून ताडून पाहिल्या, तेव्हा कुठेही पैशाचा फरक निघाला नाही.

पुढे कापसाच्या ऐन आवकेत ठेकेदाराने एक अपडेट पाठवले आणि काट्यावर ट्रॅक्टर उभे असताना पडद्यावर ‘क्लास नॉट रजिस्टर्ड’, क्रमांक ८००४०१५४, असा संदेश आला. हा संदेश दिशाभूल करणारा आहे, याबद्दल माझा राग अद्याप गेलेला नाही. डीएलएल विंडोजमध्ये रजिस्टर होतीच. त्यांच्या माणसाने डीएलएलची नोंद करणारी रेगएसव्हीआर३२ ही आज्ञा पुन्हा पुन्हा चालवली, दरवेळी ‘यशस्वी’ असे उत्तर आले आणि दरवेळी तीच त्रुटी कायम राहिली. त्यांनी अपडेट ‘एनी सीपीयू’ (३२ किंवा ६४-बिट, जे मिळेल ते) या पर्यायावर तयार केले होते, म्हणून प्रोग्रॅम ६४-बिटमध्ये चालू लागला. ३२-बिट डीएलएल अशा प्रक्रियेत लोड होतच नाही, आणि तिची नोंद रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या नोंदवहीच्या) ३२-बिट शाखेत असल्याने ६४-बिट प्रोग्रॅमला ती सापडतही नाही. उपाय एवढाच, की लक्ष्य ‘एक्स८६’, म्हणजे ३२-बिट, ठेवावे आणि संगणकावर प्रोग्रॅम चालवण्यासाठी लागणारा डॉट नेटचा ३२-बिट डेस्कटॉप रनटाइम टाकावा. हे सांगण्याऐवजी आम्हाला डीएलएल नव्याने लिहिण्याचे कोटेशन मिळाले, आणि भेटीचे बिल वेगळे!

सर्वच जुने घटक सांभाळावेत, हे माझे मत मात्र आता राहिलेले नाही. काट्याचे वजन वाचणारा एमएसकॉम३२ हा ओसीएक्सही (व्हीबी६ काळातला तयार घटक) आम्ही आधी तसाच ठेवला होता. प्रोग्रॅम लिहिण्याचे साधन व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ स्वतः ६४-बिट असल्याने हा ओसीएक्स त्याच्या डिझायनरमध्ये (पडदा मांडण्याच्या भागात) उघडेना. शेवटी तो काढून डॉट नेटचा सिरियलपोर्ट हा घटक वापरला, आणि ते काम अगदी किरकोळ निघाले. बिल्डही (कोडमधून प्रोग्रॅम तयार करणेही) ‘डॉटनेट बिल्ड’ने होत नाही, कारण त्या आज्ञेला कॉम संदर्भ चालत नाहीत, त्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओसोबत येणारे एमएसबिल्ड हे साधनच लागते.

व्हीबी६ हे १९९८ चे, त्याच्या संपादकाचा आधार एप्रिल २००८ मध्ये संपला, तरी त्याचे रनटाइम विंडोज ११ वर चालते; उलट डॉट नेट ८ चा आधार नोव्हेंबर २०२६ पर्यंतच आहे. म्हणजे बदलावी लागणार ती नवी चौकटच. डॉट नेट १० च्या कामाच्या ऑर्डरमध्ये ‘बिल्ड एक्स८६ नसल्यास देयक मिळणार नाही’ ही अट मी लेखी घातली असून, डीएलएलला हात लावण्यास मनाई केली आहे.